आधी कापणी, मग पेरणी

खरीप आणि रब्बी हे शब्द तुम्ही भूगोलात वाचता. दोन्ही मूळचे अरबी आहेत. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. आता गंमत पाहा. खरिपाची पेरणी जून-जुलैच्या पावसात होते, मग नाव शरदाचे का? कारण ते पीक हाती येते शरदात. आमच्या मालेगावकडचा 'उन्हाळ कांदा' तसाच. त्याची रोपे लावतात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पण तो निघतो उन्हाळ्यात, म्हणून उन्हाळ! घरामागे भाजीचे वाफे करतानाही आपण असाच उलटा हिशेब करावा, असे माझे मत आहे.

हे मी चुकून शिकले. पहिल्या वर्षी आम्ही शाळेच्या आवारात जूनचा पहिला पाऊस पडताच मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी, भेंडी असे सगळे बी एकाच दिवशी पेरले. मुलांचा उत्साह दांडगा होता, माझाही. पुढे पाऊस लागून राहिला. मेथी पिवळी पडून कुजली. कोबीची रोपे बुडाशी सडून आडवी झाली. भेंडी तेवढी तरारली. चूक बियाण्याची नव्हती. बी.एड.ला मी पाठाचे नियोजन शिकले होते, वाफ्याचे नाही!

भेंडी, गवार यांना ऊब लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरली की भेंडी साधारण दीड महिन्यात तोडायला येते. दुधी, दोडका कुंपणावर चढवावा. मेथी, पालक, मुळा, गाजर यांना मात्र थंडी मानवते, म्हणून पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात त्यांचे बी टाकावे. मेथी महिन्याभरात तयार होते. सगळी एकदम पेरली तर एकाच आठवड्यात ढीगभर निघते आणि मग काहीच उरत नाही. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरावा.

मुले विचारतात, हे इस्लामी महिन्यांप्रमाणे का लक्षात ठेवू नये? चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. शेतीला ते जमत नाही. त्यामुळेच दख्खनच्या कारभारात शुहूर सन चाले. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, पण वर्ष सुरू होई मृग नक्षत्राला, म्हणजे 7 जूनच्या सुमारास. त्याला मृगसालही म्हणत.

तरीसुद्धा तारखेवर पूर्ण भिस्त ठेवू नये. एक सर येते आणि नंतर दोन आठवडे आकाश कोरडे राहते. मूठभर माती दाबून पाहावी. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला असे समजावे. चिखल झाला तर थांबावे.

फेब्रुवारीतही भेंडी लावता येते. घरी जरूर लावा. शाळेत मात्र मी लावू देत नाही. ऐन तोडणीत मे महिन्याची सुट्टी लागते. तेव्हा शेंगा तोडायला कोणी नसते आणि पाणी घालायलाही कोणी नसते.