बोगनवेल आणि वजूचं पाणी

चार वर्षांपूर्वी अब्बांनी नर्सरीतून एक बोगनवेल आणून अंगणातल्या नळाशेजारी लावली. दोन पावसाळ्यांत ती गच्चीला टेकली. पानं हिरवीगार, काटे जबरदस्त, पण फूल एकही नाही. शेजारच्या खाला म्हणाल्या, "वांझ वेल आहे, काढून टाका." अब्बा म्हणायचे, "राहू दे. येतील."

अब्बा वजू तिथेच करतात. फजरपासून इशापर्यंत पाच वेळा ते पाणी थेट वेलीच्या आळ्यात जायचं. शिवाय दर महिन्याला लेंडीखत. आपलं वजूचं पाणी वाया जात नाही, याचं त्यांना फार समाधान होतं.

इकडे महामार्गाच्या दुभाजकावर, डांबराच्या धगीत, याच जातीच्या वेली फुलांनी लगडलेल्या असतात. शेवटी मी नर्सरीवाल्यालाच विचारलं. तो हसला. "साहेब, लाड कमी करा." बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला दिवसाला पाच-सहा तास कडक ऊन लागतं, ते आमच्याकडे होतंच. पण मुळाशी कायम ओल आणि भरपूर नत्र मिळालं, की ती नुसती पानं वाढवत बसते. माती वरून सुकल्यावरच पाणी द्यायचं. बहर नव्या फुटव्यांवर येतो, म्हणून पाऊस सरला की छाटणी करायची.

हे सगळं कळलं, पण अब्बांना सांगायचं कसं? चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला "तुमच्या मायेनंच ती फुलत नाही" असं म्हणायला जीभ रेटेना. एके दिवशी असरच्या नमाजनंतर सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळेच?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं स्टूल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, केळीपाशी नेलं. केळीला पाणी भरपूर लागतं. तिथे नळ नाही, म्हणून लोटा आला. वाहत्या नदीकाठीसुद्धा वजूला पाणी जपून वापरावं, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतोय. अब्बांची वजू आता एका लोट्यात होते.

ऑक्टोबरात छाटणी केली. डिसेंबरात शेंड्यांवर गुलाबी रंग दिसला. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती खरं तर रंगीत पानं. खरं फूल त्यांच्या मधोमध, पांढरं, इवलंसं. अब्बांनी चष्मा लावून ते पाहिलं.

टंचाईत ठेवलं की सगळं फुलतं, असं माझं म्हणणं नाही. केळीला तसं ठेवलं तर ती वाळेल. माझं म्हणणं एवढंच, की काळजी घेताना आपण समोरच्याचा स्वभाव बघत नाही, आपलं समाधान बघतो. आमच्या मोहल्ल्यात आता मुलींच्या शिक्षणासाठी आईबाप पोटाला चिमटा काढतात. त्याचा मला अभिमान आहे. पण माझी मुलगी दहावीला आहे. शाळा, त्यावर तीन क्लास आणि रात्री उशाशी मी. गेले काही महिने ती जेवताना बोलतच नव्हती.

हे अब्बांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. दोन क्लास बंद केलेत. मार्कांचं काय होईल ते निकालात कळेल. पण काल जेवताना ती मैत्रिणीचा एक किस्सा सांगत होती, आणि भाकरी ताटात तशीच गार होत होती.