संवत् कोणता?
जबलपूरजवळील तेवर, म्हणजेच प्राचीन त्रिपुरी, येथून राज्य करणाऱ्या कलचुरींचे लेख म. म. वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली साक्षेपाने संपादून प्रसिद्ध केले. कलचुरी-चेदी संवताचा आरंभ इ. स. २४८-४९ मध्ये कसा ठरतो, याची चर्चा त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. तिचे महत्त्व उघड आहे. लेखातील ‘९००’ हा आकडा या संवताचा मानल्यास इ. स. ११४८ चा सुमार येतो. शकाचा मानल्यास ९७८ आणि विक्रमाचा मानल्यास ८४३.

आता अशा नोंदी संगणकीय माहितीकोशांत जात आहेत आणि २०२४ साली पुढे आलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’सारख्या संकेतांमुळे कृत्रिम बुद्धीचे ‘एजंट’ त्या कोशांना परस्पर प्रश्न विचारू शकतात. एजंटाच्या हाती प्रस्तावना नसते. साधनाचे नाव, वर्णन व त्याला पुरवावयाच्या मूल्यांची यादी, एवढ्यावरच त्याची भिस्त. ‘वर्षावरून लेख शोधा’ इतकेच लिहिले असेल, तर तो भलत्याच शतकातील लेख निःशंकपणे पुढे करण्याचा संभव आहे.

म्हणून साधनाचे वर्णन हीच आजची प्रस्तावना मानली पाहिजे. संवत् कोणता, वर्ष गत की वर्तमान, ‘तेवर’ व ‘त्रिपुरी’ एकच काय, उत्तर रिक्त आल्यास लेखच नाही की केवळ नोंद नाही, हे तेथे निःसंदिग्धपणे सांगावयास हवे. हे कार्य केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भाषाभ्यासकांनी अलिप्त राहणे इष्ट नव्हे.