घरी बुलडॉग आणण्यापूर्वी
मच्छे येथील ज्या कुटुंबांत बुलडॉग आणण्याचा विचार चालू असेल, त्यांस आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो. इंग्लिश बुलडॉग सुमारे २३ किलो वजनाचा, शांत व मुलांत रमणारा. फ्रेंच बुलडॉग जवळजवळ निम्म्या वजनाचा, उभ्या कानांचा व अधिक खेळकर. परंतु ज्या चपट्या नाकावर मुले भाळतात, तेच नाक त्याचा श्वास कोंडते. म्हणून वैशाखातल्या दुपारी त्यास बाहेर नेऊ नये. तोंडावरील घड्या रोज पुसून कोरड्या कराव्यात. आहार मोजका द्यावा. रेबीजची लस चुकवू नये. धाप थांबेना, तर अंग गार पाण्याने भिजवून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. एवढे जमणार नसेल, तर गल्लीतलेच एखादे पिल्लू घरी आणावे. त्याची माया काही उणी नसते, आणि त्यास ही हवा मानवते.