‘ॲक्सीड’ आणि ‘सीड’

भोर संस्थान 15 ऑगस्ट 1947 रोजीं हिंदुस्थानांत विलीन झालें, असें समजणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस नित्य भेटतात. ही चूक केवळ तारखेची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. ती दोन इंग्रजी क्रियापदांच्या अर्थाची आहे, आणि त्या अर्थांत भोर व वेल्हें येथील रयतेचें भवितव्य गुंतलें होतें.

‘ॲक्सीड’ व ‘सीड’ हीं क्रियापदें एकाच लॅटिन धातूपासून निघालीं आहेत. पहिल्याचा अर्थ सामील होणें; दुसऱ्याचा अर्थ आपला हक्क दुसऱ्यास कायमचा देऊन टाकणें. आपल्याकडे एकाच धातूपासून आहार आणि संहार हे दोन्ही शब्द होतात. भोजनाच्या निमंत्रणांत ते अदलून चालत नाहींत.

1947 च्या सामीलनाम्यांत पहिलें क्रियापद आहे. संस्थानिकांनीं संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण या विषयांपुरता संघराज्याचा अधिकार मान्य केला. आपल्या राज्यसत्तेस इतर बाबतींत बाध येणार नाहीं, पुढें होणारी राज्यघटना स्वीकारण्याचें बंधन नाहीं, अशीं कलमेंही त्यांतच होतीं. म्हणून त्या वर्षींच्या दिवाळींत तोरण्याच्या पायथ्याच्या कुणब्याचा सारा आणि भोरच्या पेठेंतील दिवाणी-फौजदारी पंतसचिवांच्याच सत्तेखालीं होती.

विलीनीकरणाच्या करारांत दुसरें क्रियापद आलें. त्यानें राज्यकारभाराचा संपूर्ण अधिकार संघराज्यास दिला गेला, आणि 8 मार्च 1948 रोजीं भोर मुंबई प्रांतांत विलीन झालें. अधिकार असा दिला गेला म्हणूनच भोर-वेल्हें पुणें जिल्ह्यांत आणि सुधागड कुलाबा जिल्ह्यांत घालतां आला. संस्थानिकांस मोबदल्यांत मिळालेले तनखे 1971 च्या घटनादुरुस्तीनें बंद झाले. दिलेलें राज्य मात्र परत गेलें नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस हें सांगणें कठीण नाहीं. उधारी वसूल करण्यापुरतें मुखत्यारपत्र दिलें तर दुकान आपलेंच राहतें. खरेदीखत करून दिलें तर किल्लीसुद्धां आपली राहत नाहीं.

कोणी म्हणेल, शेवट एकच झाला, मग हा शब्दच्छल कशास? आमचें उत्तर असें कीं, दोन्ही क्रियापदांचा कर्ता राजा आहे. दक्षिणी संस्थानांतील प्रजापरिषदांनीं वर्षानुवर्षें जबाबदार राज्यपद्धति मागितली, परंतु सहीच्या जागीं प्रजेस स्थान नव्हतें. प्रजेचा झालेला लाभ आम्हांस निःसंशय मान्य आहे. तथापि केव्हां काय दिलें गेलें व कोणीं दिलें, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस मिळालेल्या हक्कांची किंमतही कळत नाहीं.

यास्तव शाळांतून व सभांतून 1947 साठीं ‘सामील’ आणि 1948 साठीं ‘विलीन’ हेच शब्द योजावे. आणि गुंजवणी-नीरेच्या खोऱ्यांत आज जे जमिनीच्या दस्तांवर सह्या करीत आहेत, त्यांनीं रकमेच्या आंकड्याआधीं क्रियापद वाचावें. तें कळलें नाहीं तर जाणत्यास विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं, पण न विचारतां केलेली सही मागें घेतां येत नाहीं.