झाड जुलैत नाही, एप्रिलमध्ये लागतं

साईबाबांचे चमत्कार व्हॉट्सअॅपवर रोज फॉरवर्ड होतात. त्यांनी केलेली बाग मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. साईसच्चरितात ती गोष्ट आहे. आज जिथे समाधी मंदिर उभं आहे, ती जागा बाबांनी साफ केली, राहात्याहून जाई-जुई-झेंडूची रोपं आणून लावली. वामन तात्या रोज दोन कच्चे घडे द्यायचे. बाबा विहिरीचं पाणी खांद्यावरून वाहायचे. संध्याकाळी घडे फुटायचे, सकाळी नवे यायचे. असं तीन वर्षं चाललं.

रोपं लावायला किती वेळ लागला असेल? एखादा दिवस. बाकी सगळं पाणी घालणं.

आणि आपण? जुलैत बॅनर, खड्डा, पाहुणे, एका रोपाला धरलेले आठ हात, रील. झालं वृक्षारोपण! सरकारचं तरी काय वेगळं? २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य. आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमायची वेळ. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही लाँचच्या दिवशी केक कापतात. रात्री दोनला सर्व्हर पडला की उठणारा वेगळाच असतो, आणि तो फोटोत नसतो.

'निदान लावतात तरी' असं म्हणणारे भेटतात. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात एप्रिलमध्ये वाळून गेलेलं रोप म्हणजे वाया गेलेलं पाणी, आणि 'इथे काही जगत नाही' असं म्हणायला गावाला मिळालेला पुरावा. त्यापेक्षा न लावलेलं बरं.

बागेतला कार्यक्रम कसा असावा, हे मुंबईच्या राणीच्या बागेत दिसलं. १८६२ ची ही बाग. २००७ च्या सुमारास तिथे नव्या प्राणिसंग्रहालयाचा भव्य आराखडा आला, तेव्हा काही बायकांनी लोकांना बागेत फिरवून उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच अशी एकेक झाडं नावानिशी ओळखीची करून दिली. ओळख झाली की माणूस भांडतो. तो आराखडा जसाच्या तसा पुढे गेला नाही.

शिर्डीत तर तारखाही आयत्या आहेत. गुरुपौर्णिमेला लावा. दसऱ्याला, पुण्यतिथीच्या उत्सवात, किती जगली ते मोजून लेंडीबागेच्या दाराशी फळ्यावर लिहा. मेलेल्यांचा आकडाही लिहा. रामनवमीला मुंबईहून पायी पालख्या येतात. ऐन चैत्रात डांबरावरून चालत आलेल्या माणसाला सावली काय असते, हे शिकवावं लागत नाही. त्याच्या हातात हारासोबत एक घडा द्या आणि झाड दाखवा. पुढच्या वर्षी तो आधी तेच झाड शोधेल, मग रांगेत उभा राहील.

या कार्यक्रमाला पाहुणे बोलवायचेच असतील, तर एप्रिलमध्ये बोलवा. दुपारी दोनला. किती येतात, बघूच.