विश्लेषण : ‘थँक्स’ म्हणजे आभारप्रदर्शन नव्हे, नुसती पोच! मग ती द्यायची कुणाला?

ऑफिसच्या ग्रुपवर कुणी साधी एक फाइल टाकतं. लगेच उत्तर येतं, ‘थँक यू सो मच फॉर युवर काइंड को-ऑपरेशन’. त्याच संध्याकाळी पार्सल घेऊन आलेल्या मुलाला ओटीपी सांगितला जातो आणि दार बंद होतं. इंग्रजीतले आभार अनेकांना पाठ आहेत. ते कधी, किती आणि कुणाचे मानायचे, इथे मात्र गोंधळ होतो.

कोणता शब्द कुठे?

लिफ्टचं दार धरलं, पेन दिलं, रस्ता सांगितला, तर ‘थँक्स’ पुरतं. ‘थँक यू’ किंचित औपचारिक, पण कुठेही चालतं. कुणी आपला वेळ मोडून मदत केली असेल, तर ‘आय रिअली अप्रिशिएट इट’. ब्रिटनमध्ये दुकानदारही सहज ‘चिअर्स’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘थँक्स’ एवढाच. अमेरिकेत मात्र हा शब्द मुख्यतः ग्लास उंचावताना येतो. ‘थँक्स अ लॉट’ जरा ओढून म्हटलं, की त्याचा टोमणा होतो.

चुका कुठे होतात?

‘थँक्स’ किंवा ‘थँक यू’. ‘थँक्स यू’ नव्हे. ‘थँक्स टू यू’ म्हणजे ‘तुमच्यामुळे’. ट्रेन चुकली तरी ते म्हणता येतं! काम सांगतानाच ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ लिहिलं, तर समोरच्याचा होकार गृहीत धरल्यासारखं वाटू शकतं. आणि आपलं लाडकं ‘मेन्शन नॉट’ भारताबाहेर कानाला खटकतं. तिथे ‘नो प्रॉब्लेम’, ‘नो वरीज’ किंवा ‘यू आर वेलकम’ म्हणतात.

इंग्रज जास्त कृतज्ञ असतात का?

तसं नाही. २०१८ मध्ये ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’ या नियतकालिकात आठ भाषांमधल्या रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरच्या, ओळखीच्या माणसांनी मागितलेली वस्तू दिली किंवा काम केलं, तर साधारण २० पैकी एकाच वेळी शब्दांत आभार मानले गेले. इंग्रजीत हे प्रमाण सर्वाधिक, तरीही सातात एकदाच. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेच्या नोंदींत तर एकदाही नाही. मदत मात्र सगळीकडेच होत होती.

मराठी घरातही हेच दिसतं. आईनं ताट वाढलं म्हणून कुणी ‘धन्यवाद’ म्हणत नाही. म्हटलंच तर ती विचारेल, ‘बरा आहेस ना?’ शेजारणीनं विरजण दिलं, तर तिची वाटी रिकामी परत जात नाही. परतफेड ठरलेलीच असते, म्हणून शब्दांची गरज पडत नाही.

मग ‘थँक्स’ कुणासाठी?

जिथे अशी परतफेड होणार नाही, तिथे. पार्सलवाला, सोसायटीचा वॉचमन, बसचा कंडक्टर, कॉल सेंटरमधली मुलगी. यांची वाटी परत करण्याची संधी बहुधा मिळत नाही. तिथे एक शब्द हीच परतफेड. नेमकी तिथेच अनेकांची जीभ अडते आणि साहेबांपुढे मात्र सैल सुटते. पगारात आलंच ते, त्यात आभार कसले, असा युक्तिवाद होतो. पण मग साहेबांनाही पगार मिळतोच की!

‘थँक’ आणि ‘थिंक’ हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. ‘तुम्ही केलेलं माझ्या लक्षात आलं’ एवढंच त्यातून सांगायचं असतं. इंटरनेटवर डेटा पोहोचला की समोरून पोच येते. ती आली नाही, तर पाठवणारा संगणक तोच डेटा पुन्हा पाठवतो. माणूस पुन्हा पाठवत नाही. तो मुकाट्यानं जिना उतरतो.

‘थँक्स’ म्हणा, ‘धन्यवाद’ म्हणा, नाहीतर ‘बरं झालं दादा, वेळेत आलात’ म्हणा. भाषा कोणतीही चालेल. फक्त दार लावण्याआधी म्हणा.