परावलंबी कोण, हे ठरवणार कोण?

व्यक्तिमत्त्व चाचण्यांत ‘परावलंबन’ मोजतात. निर्णय घेताना दुसऱ्याचा सल्ला लागतो का, एकटं राहायची भीती वाटते का, अशा धाटणीचे प्रश्न असतात. त्यात बायकांचे गुण सरासरीने जास्त येतात. मग निष्कर्ष काढला जातो की बाई स्वभावानेच परावलंबी. आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही.

रॉबर्ट बॉर्नस्टीन या मानसशास्त्रज्ञाने १९९५ साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. थेट प्रश्नांच्या चाचणीत बायकांचे गुण जास्त होते. पण शाईच्या डागांसारख्या चाचणीत, जिथे काय मोजलं जातंय ते कळत नाही, तिथे बायका पुढे नव्हत्या. म्हणजे आधाराची गरज दोघांनाही आहे. ती कबूल करायची मुभा मात्र बाईलाच आहे, पुरुषाला ती कमीपणाची वाटते.

१९८० साली अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत ‘परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार’ आला. १९८३ मध्ये मार्सी कॅप्लन यांनी त्यावर बोट ठेवलं: घर चालवायला आणि मुलं सांभाळायला पुरुष दुसऱ्यावर अवलंबून असतो, त्याला विकार का म्हणत नाही?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीने बाईला बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यात दिलं. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ती जाळली. पुढे हिंदू कोड बिलात त्यांनी वारसा आणि घटस्फोटाचे हक्क मांडले, आणि ते बिल रखडवलं म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडलं. बाईच्या परावलंबनाचं मूळ त्यांनी तिच्या स्वभावात शोधलं नाही, कायद्यात आणि मालमत्तेत शोधलं.

मराठवाड्यातली ऊसतोड बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडात घाम दोघांचा, पण उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. त्या बाईला ‘पैशाचे निर्णय स्वतः घेता का?’ असं विचारलं, तर ती ‘नाही’ म्हणेल. हे उत्तर तिचं व्यक्तिमत्त्व सांगत नाही, उचल कुणाच्या हातात जाते ते सांगतं.

म्हणून नागसेनवनात आणि विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, गुण लिहिण्याआधी विचारा: घर कुणाच्या नावावर? मजुरी कुणाच्या हाती? आणि चळवळीतल्या भावांनो, समतेवर तासभर भाषण करून घरी आल्यावर ताट कोण वाढतं, तेही एकदा त्याच चाचणीत मोजा.

जयभीम!